मालाला हात नाही

बाजारातले लोक त्याला खांब म्हणत. डोक्यावर ओझं चढलं की त्याची मान वळत नसे आणि पाय लटपटत नसत. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यानं हमाली सोडली. नाव तेवढं चिकटून राहिलं.

मुलगी मोठ्या शहरात एका शिवणकारखान्यात कामाला होती. मालकानं तिला बजावलं होतं, सोमवारी स्वतःचं मशीन घेऊन ये, नाहीतर तुझी जागा दुसरीला. तिथल्या मशीनच्या किमती ऐकून आईनं कानांवर हात ठेवले. घरी आईचं स्वतःचं जुनं मशीन होतं. टेबल तिकडे मिळणार होतं, वरचा लोखंडी भाग तेवढा न्यायचा होता. खांबानं तो गोणपाटात गुंडाळून सुतळीनं आवळला आणि रविवारी सकाळी नवराबायको बसमध्ये बसली.

ज्या शहरात प्यायच्या पाण्यालाही पैसे मोजायचे, तिथं टॅक्सीचं नावच नको. खाणं घरून डब्यात, मुक्काम मुलीच्या खोलीत आणि स्थानकापासून खोलीपर्यंत पायी, असं ठरलं होतं. नवा सदरा मळू नये म्हणून त्यानं कामावरचा, खांद्याला ठिगळ असलेला घातला. नवा पिशवीत ठेवला, मुलीच्या दारात बदलायला. बायकोला ओझं उचलायचं नव्हतं, म्हणून तिनं ठेवणीतले कपडे घातले. घोळ झाला तो इथंच.

स्थानकात उतरल्यावर त्यानं टॉवेलची चुंबळ करून डोक्यावर ठेवली. बायकोनं हात लावला आणि मशीन वर चढलं. तो पुढे, ती पिशवी घेऊन मागे. फाटकापाशी तिथले हमाल बसले होते. त्यांना दिसला एक ठिगळवाला परका हमाल आणि त्याच्या मागून चालणारी बाईसाहेब.

जाड मानेचा मुकादम आडवा आला. कुणाला विचारून माल उचललास, म्हणाला. बायकोनं सांगितलं, हा माझा नवरा आहे. त्यावर एक लंबू खिदळला.

"मजुरी बुडवायची असली की हमालाचा नवरा होतोच, बाई."

सगळे हसले. हसता हसताच एकानं खांबाच्या पोटरीवर काठी ओढली.

खांबाला राग आला नाही. त्याच्या बाजारातही हाच कायदा होता. परका घुसला की त्यानंही हात धुऊन घेतले होते. पण त्या कायद्याला एक शेपूट होतं. आधी माल उतरवू द्यायचा, मग माणूस फोडायचा. माल गिऱ्हाइकाचा, त्याला हात लावायचा नाही.

"उतरवू दे," तो म्हणाला. "मग मार."

काठी बरगडीवर बसली. दोन्ही हात वर गुंतलेले, त्यामुळे बरगड्या उघड्याच होत्या. दुसरा तडाखा त्याच जागी बसला आणि आत काहीतरी कडकलं. दात आवळून तो गुडघ्यात वाकू लागला. अर्ध्यावर आला तोच लंबूनं मागून गोणपाट ओढलं.

मशीन निसटलं. खांबानं खाली हात घातला. लोखंड फरशीवर आदळायचं ते त्याच्या बोटांवर आदळलं. हाडं मोडल्याचा आवाज त्यानं स्वतः ऐकला.

आता मात्र तो खवळला. चिरडलेला हात त्यानं ओढून काढला आणि दुसऱ्या हातानं लंबूचा गळा धरला. पोती पेलून पेलून घट्ट झालेली पकड होती ती. त्यानं लंबूचं तोंड फाटकाच्या लोखंडी गजावर आपटलं. पुन्हा आपटलं. रक्ताबरोबर दात बाहेर आले. बाकीचे हमाल खांबावर तुटून पडले. लाथा, बुक्के, काठी. त्याचा एक डोळा मिटला, कान फाटला, तरी गळा सुटेना. बायकोनं आरडाओरडा केला नाही. ती मशीनवर पालथी पडली. एक लाथ तिच्या पाठीत बसली, तरी ती हलली नाही.

तिच्याकडे पाहून मुकादमानं हात वर केला. सगळे थांबले, खांबानंही पकड सोडली. मशीन कुणाचं, मुकादमानं विचारलं.

"माझं," ती पडल्या पडल्या म्हणाली. "ह्यानंच घेऊन दिलंय. हमाली करून."

मुकादमानं खांबाच्या डोक्यावरचा, ओझ्यानं घासून घासून पडलेला चट्टा पाहिला. तसाच त्याच्याही डोक्यावर होता. माफी त्यानं मागितली नाही. आमचा माणूस पोचवून देईल, फुकट, एवढंच म्हणाला.

खांब रक्त थुंकला. "मालाला हात लावणाऱ्याच्या डोक्यावर माझा माल नाही द्यायचा."

पण एका हातानं त्याला तो नेता येणार नव्हता. बायको उठली. खाली पडलेली चुंबळ तिनं झटकली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. इतक्या वर्षांत त्यानं तिला कधी ओझं उचलू दिलं नव्हतं. आज धड होता त्या हातानं त्यानंच मशीन चढवून दिलं. ती पुढे निघाली आणि पिशवी घेऊन तो लंगडत मागे. हमालांनी वाट दिली.

मुलीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. बापाचा हात पाहून ती रडायलाच लागली.

"आधी चालवून बघ," तो म्हणाला.

तिनं गोणपाट सोडलं, दोरा ओवला, चिंधी लावली आणि हातानं चाक फिरवलं. चाक एकदा खरखरलं, अडलं, मग फिरू लागलं. खांबाला सुजलेल्या डोळ्यानं नीट दिसत नव्हतं.

"टाका सरळ येतोय?"

"सरळ येतोय, बाबा."

तेव्हा कुठे त्यानं हात पुढे केला. पट्टीसाठी बायकोनं पिशवीतला नवा सदरा काढला आणि फाडला.