चमचाभर विरजण

सकाळी फ्रिज आवरताना मागच्या कोपऱ्यात विरजणाची वाटी सापडली. वर हिरवट बुरशी आली होती. मी एकटी राहते, तरी दही घरीच लावायचे. संपवताना चमचाभर बाजूला ठेवायचं, ते उद्याच्या दुधासाठी. हा नेम कधी मोडला, तेच आठवेना. दूध रोज येत होतं, ओट्यावर राहून नासत होतं. मीही रोज उठत होते, ऑफिसला जात होते आणि घरी आल्यावर दिवा न लावता बसून राहत होते. कुणी विचारलंच तर ‘जरा थकवा आहे’ म्हणायचे. तीन-तीन महिने कुठला थकवा असतो?

वाटी घासली आणि शेजारच्या काकूंचं दार वाजवलं.

“काकू, चमचाभर विरजण द्याल?”

“घे की. बरी आहेस ना गं?”

“हो,” मी म्हणाले. नेहमीसारखंच.

कोमट दुधात विरजण कालवताना वाटलं, दूध कितीही चांगलं असलं तरी नुसतं ठेवून त्याचं दही होत नाही. घरातलं विरजण संपलं की दुसऱ्याच्या दारात जावं लागतं, आणि त्याची लाज कुणालाच वाटत नाही. मग मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर मी इतके दिवस पर्समध्ये घडी घालून का ठेवला होता?

पातेल्यावर झाकण ठेवलं आणि फोन लावला. दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, “काय होतंय?”

“मी बरी नाहीये.”

हे वाक्य माझ्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं.

“उद्या अकराला याल?” बाई म्हणाल्या.