मी न पाहिलेले डोळे

मेधाताई गेल्याचा फोन त्यांच्या भावाचा होता. सकाळचे अकरा वाजले होते, दवाखान्यातल्या बाकावर पाच-सहा पेशंट डोळ्यांत औषध घालून बसले होते. "ताई गेली हो डॉक्टर," एवढंच तो म्हणाला. मला वाईट वाटलं, वाटायलाच हवं होतं... पण त्याआधी, अगदी क्षणभर, सुटल्यासारखं वाटलं. आता कुणाला कळणार नाही! दीड महिना झाला, त्या क्षणाची लाज काही केल्या जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आठ वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदा कसबा पेठेतल्या माझ्या दवाखान्यात आल्या, तेव्हा वेळ ठरवलेली असूनही रीतसर नंबर घेऊन तासभर बसल्या. मी दिलगिरी व्यक्त केली, तर म्हणाल्या, "असू दे. तुमच्या सूचनांच्या पाट्या वाचून झाल्या. आता जिन्यातसुद्धा एखादी लावा, तेवढीच जागा राहिलीय." त्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो कसे बघायचे ते कॉम्प्युटरलाही शिकवायच्या. मधुमेहानं नजर जायच्या कितीतरी आधी त्या पडद्यावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. माणसाला तेव्हा सगळं स्वच्छ दिसत असतं, त्यामुळे तो डॉक्टरकडे फिरकत नाही. जिथे डोळ्यांचा डॉक्टरच नाही, तिथे कॉम्प्युटरनं हे ठिपके ओळखावेत, हा त्यांचा ध्यास. पण ठिपका म्हणजे काय, हे कॉम्प्युटरला आधी कुणीतरी दाखवावं लागतं. ते काम माझं. फोटो उघडायचा, प्रत्येक ठिपक्याभोवती माउसनं गोल काढायचा, ठिपका नसेल तर 'निरोगी' अशी खूण करायची आणि पुढचा घ्यायचा. "तुम्ही म्हणाल ते त्याला ब्रह्मवाक्य," त्या म्हणायच्या. दर गुरुवारी दुपारी नवे फोटो घेऊन यायच्या, बिनसाखरेचा चहा प्यायच्या, माझ्या चष्म्याच्या काचा किती मळल्यात ते सांगायच्या. मैत्री झाली, तरी आम्ही शेवटपर्यंत अहो-जाहोच करत राहिलो.

मग मार्केट यार्डातल्या हमालांचं शिबिर झालं. एक हमाल बसायलाच तयार होईना. "बाई, डोळं चांगलं हाय माझं. पोत्यावरचं बारीक अक्षरबी दिसतंय." "म्हणूनच बसा," मेधाताई म्हणाल्या, आणि तो बसला. तिथले शेकडो फोटो माझ्याकडे आले. पुसट, कंटाळवाणे. एकीकडे मॅच लावून मी तो सगळा गठ्ठा दोन दुपारींत 'निरोगी, निरोगी' करत संपवला. "इतक्यात झाले?" त्यांनी विचारलं. "अनुभव!" मी ऐटीत म्हणालो. हमालांना शिबिरातच दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून औषधं दिली होती, त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते मेधाताईंचं.

त्यांचा प्रोग्राम पुसट ठिपके सरळ सोडून द्यायला लागला. का नाही सोडणार? मीच तसं शिकवलं होतं त्याला. असा सुटलेला पहिला फोटो त्यांनी मला दाखवला, तेव्हाच मला मॅच बघत घालवलेल्या त्या दोन दुपारी आठवल्या. त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "कॅमेरा तपासून बघा." त्यांनी कॅमेरा तपासला, मग प्रकाश, मग स्वतःची सगळी आकडेमोड, पुन्हा पुन्हा, दोन वर्षं... शेवटी कॉलेजच्या बैठकीत उभं राहून त्यांनी सांगितलं, "चूक माझ्या पद्धतीत आहे." काम बंद झालं. आजारपण पुढे आलं. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो, तेव्हा मी मोसंबी सोलत होतो आणि त्या छताकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टर, नेमकं कुठे चुकलं असेल हो माझं?" "बऱ्या व्हा, मग बघू," मी म्हणालो. सालं गोळा केली आणि निघालो.

त्या गेल्यानंतर मी कॉलेजात गेलो. त्यांची सहकारी शबाना हिला म्हटलं, हमालांच्या शिबिराचे ते फोटो मला पुन्हा बघायचेत. मेधाताईंच्याच खुर्चीत बसून, एकेका फोटोला हवा तेवढा वेळ देत, सगळे पाहिले. ठिपके होते. कितीतरी फोटोंत होते. शबानानं प्रोग्रामला नव्या खुणांवरून पुन्हा शिकवलं आणि परवा तो चालवून पाहिला. पुसट ठिपके त्यानं एकामागून एक ओळखले. "मॅडमचं बरोबर होतं!" ती जवळजवळ ओरडलीच. मग मी तिला सगळं सांगितलं.

तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. "हे मॅडमना सांगितलं होतं तुम्ही?"

"नाही."

तिनं खणातून मेधाताईंची वही काढून माझ्यापुढे ठेवली. चूक कुठे असू शकते, याची यादी होती. कॅमेरा, प्रकाश, आकडेमोड... प्रत्येक शंकेपुढे ती किती वेळा तपासली त्याची नोंद. फक्त सगळ्यात वरच्या ओळीपुढे नोंद नव्हती. तिथे लिहिलं होतं, 'डॉक्टरांच्या खुणा'. त्यावर एक सरळ रेघ मारलेली होती आणि शेजारी त्यांच्या बारीक अक्षरात दोनच शब्द होते, 'शक्य नाही'.