अंगठ्याची टोपी

तळवड्याच्या ज्या शेडमध्ये मी चामडं शिवते, तिथं मंगोलियाच्या तऱ्हेचे बाणांचे भाते बनतात, कमरेला लटकवायचे. गडद चामड्यावर फिकट चामड्याची कापलेली नक्षी बसवायची. मेंढ्याच्या शिंगांसारखी वळणं, आणि मधोमध एक गाठ, जिचं टोक कुठंच सापडत नाही.

काम समजावं म्हणून शेडच्या मॅडमनी मोबाइलवर तिकडचे तिरंदाज दाखवले. ते लोक धनुष्याची दोरी अंगठ्यानं ओढतात. दोरी रुतू नये म्हणून अंगठ्यावर चामड्याची टोपी चढवतात. बाकी बाया घोडे बघत होत्या. मी अंगठे बघत होते.

ह्यांच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर चाकणला कंपनीत प्रेसखाली गेलं. तेव्हापासून तो हात खिशात. चारचौघांत चहासुद्धा डाव्या हातानं. आणि मुलीचा साखरपुडा ठरला. आमच्यात मुलाला गंध मुलीचा बाप लावतो, अंगठ्यानं. हे म्हणाले, तुझ्या भावाला लावू दे. मुलगी निवडलेलीच मेथी पुन्हा निवडत बसली.

ह्यांना तशी टोपी शिवायला मॅडमना एक तुकडा मागायलाच माझे बरेच दिवस गेले. चामडं मऊ होतं. शिवण टोचेल म्हणून ती बाहेरून घेतली, आणि वर ती गाठ, हरभऱ्याएवढी.

हे हसले. "आता घोडा बी आण."

पण टोपी घातली. शेजारी विचारायचे हे काय, की हे हात पुढं करून मंगोलियाच्या बाणांचं सांगायचे. मी आत भाकरी थापत ऐकायची.

साखरपुड्याच्या दिवशी हॉलच्या दारात माझ्या ध्यानात आलं. चामडं घालून गंध कसं लावणार? देवाधर्माच्या कामात कमरेचा पट्टासुद्धा काढतात. इतके दिवस शिवताना मला हे सुचलं नव्हतं. ह्यांना कानात सांगितलं. वाटलं, आता भावाला हाक मारतील.

"मला ठावं हाय गं," हे म्हणाले. टोपी काढून चपलेत ठेवली. "ध्यान ठेव, कुणी नेईल."

आणि आत गेले.

पाटावर बसलेल्या मुलाला ह्यांनी त्याच अंगठ्यानं गंध लावलं. जरा रुंद लागलं, जरा वाकडं. मुलगी बापाचा हात बघत होती.

मी दारातच थांबले, चपलांपाशी. मला राखण सांगितली होती.