किड्याची माळ

दादा गेल्याची बातमी आली तेव्हा सासूबाईंच्या हातात सुई होती. कॉलेजातून फोन आला, तो मी घेतला. तास संपवून सर खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत, एवढंच पलीकडून सांगितलं. मी ओट्यावर येऊन नुसती उभी राहिले. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी हातातली झेंडूची माळ पुरी केली, दोऱ्याला गाठ मारली, सुई दोऱ्याच्या गुंडीत खोचली आणि मग त्या बसल्या जागी कोसळल्या. अर्धी माळ टाकून उठायचं नाही, हा आमच्या घरातला नियम. तो त्यांनी त्या दिवशीही पाळला याचं मला आधी नवल वाटलं आणि मग फार रडू आलं. त्याला आता दीड महिना झाला.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. नाशिकच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. बाकी घर सगळं फुलांचं. गंगापूर रस्त्याच्या अंगाला आमचा मळा. पहाटे तोडणी, सकाळी ओवणी, मग बाजार. मी देवळ्याची, कांद्याच्या घरातून फुलांच्या घरात आलेली. दादांनी लग्न केलं नाही. “ह्याचं लगीन किड्यासंगं लागलंय,” असं सासूबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्या खोलीत कपडे वाळवायची दोरी बांधलेली असे आणि तिच्यावर चिमट्यांनी लटकवलेल्या कागदाच्या लांब पट्ट्या. एका पट्टीवर माणसाच्या एका प्रथिनाची अक्षरं, एकेका अमिनो आम्लाला एकेक अक्षर, दुसरीवर मातीतल्या मिलिमीटरभर किड्याच्या तशाच एका प्रथिनाची. अंगातल्या काही पेशींनी ठरल्या वेळी मरायचं असतं, आणि ते मरण रोखून धरणारं हे प्रथिन. सुट्टीत पुण्याला जाऊन लायब्ररीतून झेरॉक्स आणायच्या, अक्षरं उतरवायची आणि पट्ट्या मागंपुढं सरकवत कुठं जुळतंय ते बघत बसायचं, हा त्यांचा छंद. त्यातून शोधनिबंध वगैरे काही झाला नाही. पुढं कॉलेजात संगणक आला, तेच काम मिनिटात व्हायला लागलं, तरी दादांची दोरी सुटली नाही.

मी धाकटी सून, त्यामुळे ते माझ्याशी थेट बोलत नसत. चहा हवा असला तरी “आई, तिला चहा टाकायला सांग” असं, मी समोर उभी असताना. मला गंमत वाटे. पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं ओझं याच माणसानं उतरवलं, आणि तेही बहुतेक आईशी बोलूनच.

झालं असं... दिवाळीतच सूर्यग्रहण आलं होतं, भर सकाळी. मला पाचवा महिना. सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बसवलं, काही चिरू नको, शिवू नको म्हणून बजावलं. पण बाहेर झेंडूच्या पाट्या तशाच पडलेल्या, दिवाळीचं गिऱ्हाईक दारात, आणि मी नुसती बसून कंटाळलेली. सुई घेतली आणि दोन माळा ओवल्या. सासूबाईंनी पाहिलं आणि हातातून सुई काढून घेतली. पुढं मुलगी झाली. गोरीगोमटी, सगळं ठीक, फक्त उजव्या पायाचं दुसरं आणि तिसरं बोट शेवटपर्यंत कातडीनं जोडलेलं. बारशाला बाया पाळण्यात वाकल्या तेव्हा सासूबाई एकदाच म्हणाल्या, “ग्रहणात ओवलं व्हतं हिनं. बोटंबी ओवली गेली.” त्यानंतर मी सुईला हात लावला नाही. कुणी लावू नको म्हटलं नाही, माझाच हात पुढं होईना. चैत्राच्या उन्हातही मी पोरीला लोकरीचे मोजे घालत होते. आईच्याच हातून लेकराला खोट लागली, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं.

दादांच्या ते लक्षात आलं. त्यांनी सासूबाईंना समजावून पाहिलं, मी ऐकेन अशा बेतानं. पोटातल्या बाळाचे हातपाय आधी वल्ह्यासारखे सपाट असतात, बोटांमधल्या पेशी मरतात तेव्हा बोटं सुटी होतात. हे सगळं दुसऱ्या महिन्यातच उरकतं. ग्रहण आलं तेव्हा पोरीची बोटं केव्हाच घडून झाली होती. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “ग्रहणाला काय आधी अन् नंतर?” एवढंच म्हणाल्या. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दादा पट्ट्या घेऊन ओट्यावर आले. अक्षरांचे त्यांनी त्या त्या आम्लाच्या स्वभावाप्रमाणे चार गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक फूल देऊन पट्टीवर अक्षराखाली तसं लिहिलं: पिवळा झेंडू, केशरी झेंडू, पांढरी बिजली आणि तांबडा गलांडा. दोन्ही प्रथिनांचा एकेक लहान तुकडा ते वाचून दाखवणार आणि आईनं ओवायचा. सासूबाई कुरकुरल्या, पण लेकाची हौस म्हणून बसल्या. माणसाची माळ झाली. किड्याची निम्मी झाली तेवढ्यात दादांना कुणी हाक मारली, म्हणून ते उरलेली फुलं ओळीनं मांडून गेले. परत येऊन त्यांनी दोन्ही माळा शेजारी शेजारी ठेवल्या. फुलं पुष्कळ ठिकाणी वेगळी होती, पण काही जागी दोन्हीकडं तेच फूल. आमची आणि किड्याची वाट वेगळी झाली तो काळ मोजता येत नाही एवढा जुना, दादा म्हणाले, पण जिथं बदल परवडत नाही तिथं फूल तेच राहिलं. माणसाचं प्रथिन किड्यात घातलं तर तिथंही चालतं. बोलता बोलता ते थांबले. एका जागी माणसाच्या माळेत गलांडा होता आणि किड्याच्या माळेत पिवळा झेंडू.

“आई, इथला गलांडा कुठं गेला? हे फूल बदललं तर किडा अंड्यातच मरतो.”

सासूबाई चपापल्या. “मधीच एकटा तांबडा लय इद्रं दिसत व्हता. म्या काय मुद्दाम केलं? चाळीस वर्सं ओवतेय, हात आपसूक गेला.”

“असंच होतं,” दादा म्हणाले. “लाखो वेळा ओवताना एखादं फूल बदलतं. कुणी मुद्दाम करत नाही.” आणि मग, माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा, माझ्याकडं बघून म्हणाले, “सुनंदा, तुझ्या हातून काही झालेलं नाही.”

मी पदर तोंडाशी धरला. सासूबाईंनी किड्याची माळ उचलली. मग त्यांनी दोरा तोडला, फुलं परातीत मोकळी केली आणि सुई माझ्यापुढं धरली. “घे. तू ओव. माझा हात सुधरीत बसतो.” किड्याची माळ मी ओवली. संध्याकाळी पोरीचे मोजे काढले ते पुन्हा घातले नाहीत.

ती पोर आता अकरा वर्षांची आहे. बोटं तशीच जोडलेली आहेत, पळण्यात मात्र शाळेत पहिली येते. दादांना ती ‘किडेकाका’ म्हणायची, त्यांना ते ‘सर’ या हाकेपेक्षा जास्त आवडायचं.

परवा दादांच्या खोलीत फोटो लावला. दोरी तशीच आहे, पट्ट्याही तशाच. आम्ही हात लावलेला नाही. सासूबाईंनी सकाळीच गलांडा मागितला. मळ्यात नव्हता, तर बाजारातून आणवला. मग कुणालाही जवळ येऊ न देता त्या एकट्या ओवत बसल्या. आताशा त्यांना नीट दिसत नाही. फोटोला माळ घातली तेव्हा चुलत जाऊबाई हळूच म्हणाल्या, फुलं मागंपुढं झाली बघा, म्हातारीच्या लक्षात राहत नाही आता. सगळे गेल्यावर मी दोरीवरची किड्याची पट्टी काढली आणि माळेशी ताडून पाहिली. पुष्कळ फुलं चुकली होती. बिजलीच्या जागी झेंडू, पिवळ्याच्या जागी केशरी... पण त्या एका जागी, दोन पिवळ्यांच्या मधे, एकटा तांबडा गलांडा होता.