आडवा येणारा माणूस

गावात परत आल्यापासून मला सगळे एकच विचारतात: गोल किती मारले? डेअरीत दूध घालायला गेलो तरी तेच, लग्नात जेवायला बसलो तरी तेच. सोळा वर्षं मी गोव्याला आणि कोलकात्याला पगारी फुटबॉल खेळलो, आणि सगळी वर्षं बचावात, आपल्या गोलसमोर. गोल मारणं हे माझं काम नव्हतंच. समोरच्याला मारू द्यायचा नाही, हे काम. एवढं समजावून सांगितलं की माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, तरी पण किती?

कोल्हापूरला कॉलेजात असताना या खेळाची चटक लागली. क्लबचा पहिला करार घेऊन पलूसजवळच्या आमच्या घरी आलो, तेव्हा माझे वडील, आबा, उसात दारं धरून नुकतेच परतले होते. भरलेल्या सरीचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पाणी पुढच्या सरीत वळवायचं, हे त्यांचं फौजेतून परतल्यापासूनचं काम. खोऱ्यानं एक ढेकूळ उशिरा पडलं की पाणी भलतीकडंच पळतं. आबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पायावरचा चिखल धुतला आणि विचारलं, "दुसऱ्याच्या आडवं यायचं पैसं देत्यात व्हय रं?"

ते मला लागलं. अजून लागतं. माझा एकही सामना बघायला ते आले नाहीत.

आडवा आलो, हे खरंच आहे. नाक दोनदा मोडलं, पुढचे दोन दात खोटे आहेत आणि जिना उतरताना उजवा गुडघा बोलतो. चेंडूकडे बघत बसायचं नाही, समोरच्याच्या कमरेकडे बघायचं, एवढं अंगी मुरायला तीन वर्षं गेली. पाय फसवतात, कंबर फसवत नाही. सामना एक-शून्यनं जिंकला की दुसऱ्या दिवशी पेपरात गोल मारणाऱ्याचा फोटो. त्या एकच्या शेजारचं शून्य कुणाचं, ते कधी छापून आलं नाही. ते माझं होतं.

यंदा गावानं माझा सत्कार ठरवला. सरपंच माझ्या वर्गातला. शाळेच्या पटांगणावर पोचलो, तर स्टेजच्या मागं हा एवढा मोठा फ्लेक्स. माझा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'शंभर गोलांचा बादशहा'. माझं डोकंच फिरलं. सरपंचाला म्हटलं, हा उतरव, नाहीतर मी चाललो. त्यानं मला बाजूला घेतलं.

"गड्या, फुटबॉल म्हंजी गोलच की. न्हाईतर लोकांनी टाळ्या कशाला वाजवायच्या?"

नकोत टाळ्या, मी म्हटलं. खोट्या गोलांवर हार घालून घेतला असता, तर सोळा वर्षं जे केलं ते माझ्याच हातानं पुसलं असतं. पाहुणे ताटकळले. लय माजलाय, असं मागून कुणीतरी म्हणालं. माजलोय तर माजलोय. शेवटी दोघांनी शिडी लावून फ्लेक्स उतरवला, आणि मागं बांबूची रिकामी चौकट तेवढी राहिली.

चौकटीकडे पाठ करून उभं राहायची मला सवयच आहे. माईक घेतला आणि सांगून टाकलं की आयुष्यात एकच गोल मारला, तोही चुकून आपल्याच जाळ्यात. पटांगण हसलं, मीही हसलो. मग कमरेचं सांगितलं, दातांचं सांगितलं, त्या शून्याचंही सांगितलं. टाळ्या बेताच्याच पडल्या.

आबा पहिल्या रांगेत होते. ते काठी टेकत उठले. मला वाटलं, कंटाळून घरी निघाले. पण ते तिथंच उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "त्यो एक सोड. आडवलंस किती?"

इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी माईक तोंडापासून बाजूला केला.

"ते कुणी मोजत न्हाई, आबा."

"दारं धरणाऱ्याचं तरी कोण मोजतंय," ते म्हणाले आणि खाली बसले.