मामांच्या बससाठी पॉवर सप्लाय

लग्न होऊन मी हिंगोलीहून कळमनुरीला आले, तेव्हा कपाट आणि भांड्यांसोबत माझा कॉम्प्युटरही टेम्पोतून आला. कॉलेजात असताना वडिलांनी घेऊन दिलेला. सासरी त्यावर मी लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्यांची डिझाइनं करायला लागले. तो चालू व्हायला वेळ घ्यायचा, पण तेवढ्यात माझा चहा व्हायचा, त्यामुळे आमचं जमून गेलं होतं.

माझे सासरे एसटीचे ड्रायव्हर. मी त्यांना मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. मामा रिटायर झाले आणि पहिले काही महिने त्यांना स्वतःचं काय करावं हेच कळेना. पहाटे उठायचे, दाढी करायचे, शर्टाची इस्त्री बघायचे आणि बसस्टँडवर जाऊन उभे राहायचे. कोणती गाडी वेळेवर सुटली, कुणी वळण कसं घेतलं, हे सगळं घरी येऊन आत्यांना सांगायचे. आत्या भाजी निवडता निवडता "व्हय का" म्हणायच्या.

एके दिवशी ते मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. त्यावरच्या व्हिडिओत कुणीतरी कॉम्प्युटरवर गेममधली बस चालवत होतं. रस्ता, आरसे, मागे बसलेले प्रवासी, सगळं खऱ्यासारखं.

"हे आपल्या मशीनवर चालतंय का?" त्यांनी विचारलं.

मी तो गेम घेतला, टाकला, सुरू केला. डेपो दिसला, बस दिसली, पण मामांनी गाडी पुढे काढली की चित्र थांबायचं आणि मग एकदम उडी मारून पुढे जायचं. मामांनी बाण असलेल्या बटणांवर बोट हलकं ठेवून पाहिलं, जोरात दाबून पाहिलं.

"गाडी दचके खाऊन राहिली," ते म्हणाले. "क्लचचा प्रॉब्लेम असता तर मला समजलं असतं."

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भावाला मी फोन केला. तो म्हणाला, "ताई, त्यात चित्रं भराभर पळवणारं ग्राफिक्स कार्डच नाही. मी नवीन घेतलंय, माझं जुनं तुला पाठवतो." आठवडाभरात ते पार्सलनं आलं. वहीएवढं लांब, वर दोन पंखे. आत्यांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तर त्या कॉम्प्युटरच्या डब्यापेक्षा जड आहे."

कार्ड खोबणीत व्यवस्थित बसलं. पण त्याला वीज द्यायला वरच्या बाजूला सहा खाचांचं एक वेगळं तोंड होतं आणि आमच्या पॉवर सप्लायमधून, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डबीतून, निघणाऱ्या वायरींच्या झुबक्यात तसला प्लगच नव्हता. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यानं एक जोडवायर दिली. एका टोकाला जुन्या पद्धतीचे दोन प्लग, दुसऱ्या टोकाला हवा तो. लावली आणि चाललं. पडद्यावर रस्ता असा सरळ वाहायला लागला की मामा खुर्चीत ताठ बसले.

त्यांनी डेपोतून गाडी काढली, गावाबाहेर आणली. परदेशातला रस्ता होता, सगळी वाहनं उजवीकडून चाललेली. "ह्या देशात सगळेच राँग साईडनं येऊन राहिले," असं म्हणत त्यांनी घाटाला गाडी लावली. पहिल्या वळणावर पडदा काळा झाला आणि कॉम्प्युटर बंद पडला.

परत सुरू केला. परत तेच. सपाटीवर काहीच तकलीफ नाही, घाट लागला, झाडी दाट झाली, दरी दिसायला लागली की बंद. मामांची अशी समजूत झाली की त्यांच्याच हातून चूक होतेय. ते गियर बदलून बघत, वळण लांबून घेत. मी जोडवायरीला हात लावला तर ती चटका बसेल इतकी तापली होती. तेव्हाच मी सगळं बंद केलं आणि भावाला पुन्हा फोन लावला.

"पॉवर सप्लायवर काय लिहिलंय?"

"चारशे पन्नास वॅट."

"ते मोठ्या अक्षरातलं सोड. खाली बारीक तक्ता असेल, त्यात बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघ. कार्ड आणि प्रोसेसर तिथूनच वीज घेतात."

मी टॉर्च मारून वाचलं. चौदा. बाराला चौदानं गुणलं, एकशे अडुसष्ट वॅट. म्हणजे नाव चारशे पन्नासचं आणि कामाची वीज दोनशेसुद्धा नाही. एकट्या कार्डाला भर कामात एकशे वीसच्या आसपास लागत होती. बाकी कॉम्प्युटरनं काय खायचं? दृश्य जितकं भरगच्च, तितकं कार्डाला काम जास्त, आणि घाटात ते सगळं एकदमच यायचं.

मी मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी माझं चुकत नव्हतं."

"नाही मामा. तुमचं ड्रायव्हिंग बराबर होतं."

हे त्यांनी आत जाऊन आत्यांना सांगितलं. मला ऐकू आलं.

नवा पॉवर सप्लाय घ्यायला मी आणि मामांनी हिंगोलीला जायचं ठरवलं. निघण्याआधी मी शिवणाची टेप घेऊन जुन्या सप्लायची जागा मोजली, कारण आमच्या कॉम्प्युटरची कॅबिनेट आखूड होती आणि मागे कार्ड बसल्यावर हात घालायलाही जागा उरत नव्हती. आत्या दारात येऊन म्हणाल्या, "जास्ती वॅटचा आणू नका. बिल कोण भरणार?"

"जेवढी लागेल तेवढीच वीज ओढतो तो," मी म्हटलं. "मोठा घेतला म्हणून सारखी जास्त ओढत नाही."

त्यांना ते पटलं नाही. फ्रिज घेतानाही दुकानदार असंच म्हणाला होता, असं त्या म्हणाल्या.

बसमध्ये मामा ड्रायव्हरच्या केबिनमागच्या सीटवर बसले. चालवणारा ओळखीचा निघाला. त्यानं विचारलं, "काका, कुठं?" मामा म्हणाले, "माझ्या गाडीचं सामान आणायला." त्या माणसाला वाटलं मामांनी टेम्पो घेतला. मामांनी तो गैरसमज दूर केला नाही.

दुकानदार आमच्याशी हिंदीत बोलत होता. त्यानं काउंटरवर तीन डबे ठेवले. पहिला रंगीत, त्याच्या पंख्यात लाल-निळे दिवे, वर मोठ्ठा सहाशेचा आकडा. मी उचलून पाहिला, रिकाम्या टिफिनसारखा हलका. बाजूचा तक्ता शोधला तर बारा व्होल्टच्या रकान्यात अँपिअर लिहिलेच नव्हते. तो मी परत ठेवला. दुसरा साधा काळा, साडेपाचशेचा, हातात घेतला की मनगट खाली जात होतं. तक्त्यात पंचेचाळीस अँपिअर. गुणाकार केला, पाचशे चाळीस. म्हणजे नाव आणि काम जवळपास सारखं. कार्डाला लागणारी वायर त्याच्या आतूनच निघालेली, जोडवायरीची भानगड नाही. वर पाच वर्षांची वॉरंटी.

तिसरा साडेआठशेचा. मामांचा हात त्यावर होता.

"हा घेऊ," ते म्हणाले.

"मामा, आपल्याला निम्मासुद्धा लागणार नाही."

"घाटात इंजिनात दम शिल्लक पाहिजे. भरलेली गाडी चढावर अर्ध्यात थांबली तर काय होतं, ते तुला माहीत न्हाई."

"साडेपाचशेत दम शिल्लकच राहतो. सगळं मिळून अडीचशेच्या वर जाणार नाही."

"आन् पुढं मोठं कार्ड आणलं तर?"

दुकानदार आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. "अंकल सही बोल रहे हैं," तो म्हणाला, आणि लगेच माझ्याकडे बघून, "मॅडम भी सही बोल रहे हैं."

आम्ही निर्णय न घेता समोर रस प्यायला गेलो. मामांनी ग्लास संपवला आणि म्हणाले, "अगं, रिटायर झालो तवापासून सगळे मला म्हणतात, आता एवढं कशाला. चष्मा घ्यायला गेलो तरी तेच, बूट घ्यायला गेलो तरी तेच. म्हणून मोठा घ्यावा वाटला."

गरज नाही हा मुद्दा मी सोडून दिला. पर्समधून टेप काढली आणि म्हटलं, "चला, मोजून बघू. बसत असेल तर तुमचाच घेऊ."

दुकानात परत येऊन मामांनी स्वतः टेप धरली. साडेआठशेचा आमच्या जागेपेक्षा बोटभर लांब निघाला, दोनदा मोजला तरी; साडेपाचशेचा बसत होता. मामांनी तो दुकानदाराकडे सरकवला. "गॅरेजमध्ये मावत न्हाई ती गाडी घेऊन काय करायचं," ते म्हणाले, आणि साडेपाचशेचा डबा पिशवीत न घालता काखेत धरून स्टँडपर्यंत चालत आले.

घरी बसवायला सुरुवात केली तेव्हा आत्यांनी प्लग काढण्यावर भरवसा न ठेवता घराचा मेन स्विचच बंद केला. उन्हाळ्याची दुपार, पंखे बंद, तिघंही घामाघूम. मामांनी स्क्रू वाटीत जमा केले, आत्यांनी टॉर्च धरली. जुना सप्लाय निघाला, नवा बसला, मी एकेक वायर लावत गेले. मेन चालू केला, बटण दाबलं. कॉम्प्युटरमधले सगळे पंखे फिरले, कार्डाचेही. पडदा मात्र काळाच.

मामांनी हळूच विचारलं, "दुकानदाराला फोन करू का?"

मला आठवलं, उघडण्याआधी मी मोबाईलवर आतला फोटो काढला होता. तो मोठा करून एकेक जागा ताडून पाहिली. फोटोत प्रोसेसरच्या शेजारी चार खाचांचा एक छोटा प्लग लावलेला होता, नव्या सप्लायची ती वायर कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यात तशीच लोंबत होती. आत्यांनी परत मेन बंद केला. तो प्लग लावला आणि पडदा उजळला.

संध्याकाळी मामांनी गाडी घाटाला लावली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, झाडी आली, दरी आली. कार्डाचे पंखे जरा मोठ्यानं फिरायला लागले, एवढंच. वर पोहोचेपर्यंत मी सप्लायच्या जाळीपाशी हात धरून बसले होते. हवा कोमट होती.

आत्या मामांच्या मागे खुर्ची घेऊन बसल्या होत्या. मामांच्या गाडीत त्या उभ्या आयुष्यात मोजक्याच वेळा बसल्या असतील. ड्युटीवर असताना ते आत्यांकडे वळूनही बघत नसत, असं त्यांनी मला मागे सांगितलं होतं.

"इतकी हळू काहून?" आत्यांनी विचारलं.

"घाट आहे."

"त्या थांब्यावर बाई उभी आहे. लेकरू आहे तिच्याजवळ. थांबवा."

मामांनी गाडी थांबवली, दार उघडलं. पडद्यावरची बाई चढली. आत्यांना समाधान वाटलं.

आता रोज सकाळी माझं काम सुरू व्हायच्या आधी एक फेरी होते. पत्रिकांचं कामही नव्या कार्डावर भराभर होतं, चहाला वेळ उरत नाही, ही माझी तक्रार. स्टँडवरचे मामांचे दोन जुने सोबती अधूनमधून येतात आणि मागे उभं राहून चुका काढतात. वीजबिल आलं की आत्या आधी आकडा बघतात, मग आमच्याकडे. फारसा फरक पडलेला नाही, पण त्यांनी तसं अजून कबूल केलेलं नाही.

गेल्या रविवारी मामा आंघोळीला गेले होते, तेव्हा आत्या त्यांच्या खुर्चीत बसल्या. मला म्हणाल्या, "पुढं जायचं बटण कोणतं?" मी दाखवलं. बस डेपोच्या भिंतीला घासत बाहेर पडली, रस्ता सोडून एका हिरव्या शेतात शिरली आणि शेताच्या मधोमध उभी राहिली. मामा टॉवेल खांद्यावर टाकून दारात आले.

"ही गाडी शेतात कुणी घातली?"

"इथंच उतरायचं होतं मला," आत्या म्हणाल्या, आणि दार उघडायचं बटण कोणतं, ते मला विचारायला लागल्या.