हे बरं, की हे?

चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या बाईला सगळा बाजार मागून 'हे-की-हे बाई' म्हणायचा आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. पण रागावणार कुणावर? वीस वर्षं तिने दुसरं काही केलंच नव्हतं. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत माणूस खुर्चीत बसायचा, ती त्याच्या नाकावर जड गोल फ्रेम चढवायची, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची आणि एकामागून एक काचा बदलत विचारायची, हे बरं, की हे? निवडायचं समोरच्याने, हिने नुसतं विचारायचं. त्यामुळे स्वतःवर निवडायची पाळी आली की तिची पार गाळण उडायची. लग्नाला होकार द्यायला हिने सात महिने लावले, हे तिचा नवरा अजूनही येईल त्या पाहुण्याला सांगायचा, आणि तेही तिच्या देखत.

आता पाळी आली होती फोटोची. शहरातल्या हौशी फोटोग्राफरांच्या क्लबाची स्पर्धा होती. विषय 'सकाळ', एका माणसाचा एकच फोटो, शनिवारी पाचच्या आत. गेली तीन वर्षं ती फोटो देत होती आणि तिन्ही वर्षं तिचा फोटो हॉलच्या भिंतीवर लावायच्या तीस फोटोंतसुद्धा आला नव्हता. गेल्या वर्षी क्लबाच्या सेक्रेटरींनी समजूत घालताना म्हटलं होतं, तुमचा फोटो स्वच्छ असतो हो. स्वच्छ! फोटो होता का घासलेलं पातेलं? ते तिला फार लागलं. या वर्षी तिसांत आलो नाही तर कॅमेरा माळ्यावर टाकायचा आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही, असं तिने घरात जाहीर करून टाकलं होतं. नवरा म्हणाला, बघू. तो नेहमी बघूच म्हणायचा.

सोमवारी तिच्यापुढे एक्केचाळीस फोटो होते. एक ना धड, भाराभर चिंध्या. मंगळवारी सकाळपर्यंत दोन उरले आणि मग गाडी अडली ती अडलीच. दोन्ही मोठे छापून आणले होते. ते तिने फ्रिजच्या दारावर लावले, तिथे उजेड पडेना म्हणून आरशाच्या दोन्ही बाजूंना लावले, मग कपडे धुवायच्या मशीनवर नेऊन टेकवले. दात घासताना तोंडात ब्रश तसाच ठेवून बाहेर यायची, बघायची, परत जायची. दूध दोनदा उतू गेलं. दुकानात एका गृहस्थाच्या उजव्या डोळ्याचा नंबर तिने डाव्याच्या रकान्यात लिहिला, तो वेळीच दिसला म्हणून बरं. तिच्या जिवाला म्हणून चैन नव्हती.

पहिला फोटो होता बस डेपोचा. चौदा बसगाड्या ओळीने उभ्या, चार माणसं पाइप घेऊन काचा धुताहेत आणि फवाऱ्यात ऊन अडकलेलं.

दुसरा होता बाबांचा. बाबा म्हणजे तिचे वडील, आई गेल्यापासून लेकीकडेच राहायचे. उभा जन्म छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेला होता आणि निवृत्त झाले तरी खोड काही जाईना. सकाळी पेपर घेऊन खिडकीशी बसायचे, लाल पेन्सिलीने छपाईच्या चुकांना गोल करायचे आणि चहाच्या वेळी आकडा जाहीर करायचे. आज एकोणीस. आज सव्वीस, यांनी लाजच सोडली. गेल्या वर्षभरात मात्र आकडा बंद झाला होता. विचारलं तर म्हणायचे, पेपरवाले सुधारले. तुमच्याच धाकाने सुधारले असणार, असं म्हणून जावयाने त्यांचं अभिनंदनही केलं होतं. चहाबरोबर बातम्या मात्र पूर्वीसारख्याच सांगायचे, अगदी पहिल्या पानापासून.

गेल्या थंडीत एका सकाळी ती खोलीच्या दारात कॅमेरा घेऊन उभी होती तेव्हाचा तो फोटो. तिरपं ऊन, मांडीवर उघडा पेपर, कानावर पेन्सिल आणि बाबांनी मान वर करून तोंड बाजूला, खिडकीकडे वळवलेलं.

नवरा शाळेची बस चालवायचा. त्याने मत दिलं डेपोला, कारण त्या चौदांत तिसरी त्याची बस होती. दुकानाच्या मालकाने दोन्ही फोटो काउंटरवर ठेवून, चष्मा कपाळावर चढवून निरखून पाहिले आणि बाबांच्या फोटोवर बोट ठेवलं. मानेचा हा बाक बघा, म्हणाला, सांगून कुणी असं बसत नाही. म्हणजे एकास एक. घोडं अडलं ते तिथेच.

इथे तिच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. खुर्चीत बसलं की काही माणसं बेधडक खोटं बोलतात. गाडीच्या परवान्यासाठी आलेले लोक तक्ता पाठ करून येतात. काहींना विचारल्या विचारल्या 'दुसरं' म्हणून मोकळं व्हायची सवय असते. अशा वेळी ही बाई काच बदलल्याचं नाटक करते. हात हलवते, खट्कन आवाज करते आणि तीच काच पुन्हा लावते. ज्याला दिसतंय तो म्हणतो, अहो, दोन्ही सारखंच आहे. ज्याला दिसत नाही तो ऐटीत म्हणतो, दुसरं.

गुरुवारी दुकानाला सुट्टी. दुपारी बाबा खिडकीशी बसले होते. ज्याचा स्वतःचाच फोटो आहे त्याला काय विचारायचं, म्हणून तिने इतके दिवस त्यांना बाजूला ठेवलं होतं, पण आता निरुपाय होता. ती समोर स्टूल ओढून बसली. कशाकशाचे फोटो आहेत हे मुद्दामच सांगितलं नाही. आधी डेपो धरला, मग बाबांचा.

"बाबा, हा बरा, की हा?"

"दुसरा," बाबा म्हणाले. "पहिल्यात गर्दी झालीय. दुसरा मोकळा आहे."

ती मनातल्या मनात हसली. म्हातारा स्वतःलाच मत देतो आणि वर तोंडातून चकार शब्द काढत नाही की हा मीच. ठीक आहे. पण मालकाचं आणि बाबांचं अशी दोन मतं एकाच बाजूला पडली तरी तिचं समाधान कुठलं व्हायला! चहा झाल्यावर तिने पुन्हा विचारलं, या वेळी क्रम उलटा केला. बाबा म्हणाले, दुसरा. अच्छा, म्हणजे आता डेपो. बाबांना भीड पडली असेल, असं तिने मनाशी म्हटलं. उठली, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, परत आली. आणि मग वीस वर्षांच्या सवयीने तिच्या हातांनी परस्परच ते केलं. डेपोचा फोटो धरला, खाली घेतला, कागदाचा आवाज केला आणि तोच पुन्हा वर धरला.

"दुसराच गं. मघाशी सांगितलं ना, मोकळा आहे."

चौदा बसगाड्या आणि चार माणसं.

खुर्चीतल्या माणसाला असं पकडल्यावर ती कधीच लगेच बोलत नसे. बाबांचा फोटो हातात होता, त्यावर तिची नजर गेली, आणि ज्याला मालक मानेचा बाक म्हणाला होता तो तिला पहिल्यांदाच दिसला. असा बाक तिने तिच्या खुर्चीत शेकडो वेळा पाहिला होता. नजरेचा मधला भाग गेला आणि कडा तेवढ्या उरल्या की माणूस बघायचं असेल त्याच्याकडे तोंड करत नाही, बाजूला वळवतो आणि कडेने बघतो. हे ती नव्या शिकाऊ मुलींना शिकवायची. फोटोत पेपरवर पेन्सिलीचा एकही गोल नव्हता. आणि फोटो अकरा महिन्यांपूर्वीचा होता.

बरं, तिने बापाचे डोळे तपासले नव्हते असंही नाही. दरवर्षी वाढदिवसाला त्यांना दुकानात नेऊन तक्ता वाचायला लावायची आणि बाबा शेवटच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचायचे. वाचतील नाहीतर काय! ती शिकत असताना तोच तक्ता घरच्या भिंतीवर लावून, हातात पट्टी घेऊन तिच्याकडून सराव कुणी करून घेतला होता? त्यांना तो उलटा म्हटला तरी आला असता. आणि बापावर कसली युक्ती करायची, म्हणून तिने ती खोटी काच त्यांना कधी लावली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

"कधीपासून?" तिने विचारलं.

बाबांनी आढेवेढे घेतले नाहीत. दीड वर्ष होत आलं, म्हणाले. आधी ओळी वाकड्या दिसायला लागल्या, वाटलं छपाईच बिघडली. मग मधली अक्षरं जायला लागली. पहाटे रेडिओवर बातम्या ऐकायचे आणि त्याच चहाला सांगायचे. घरात चालायला-फिरायला कडेचं दिसतं तेवढं पुरत होतं.

तिला इतका राग आला की तिने स्टूल पायाने मागे ढकललं. राग त्यांचा होता, स्वतःचा होता, सगळ्यांचाच होता. मी हेच काम करते ना, म्हणाली, मला सांगायला काय झालं होतं?

"सांगितलं असतं तर तू मला खुर्चीत बसवून विचारलं असतंस, हे बरं की हे," बाबा म्हणाले. "मला दोन्हींत काही दिसलं नसतं. ते तुझ्या तोंडावर सांगायचं माझ्या जिवावर आलं."

शुक्रवारी सकाळी ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, डावा गेल्यात जमा. उजव्याला वेळच्या वेळी इंजेक्शनं दिली तर आहे तेवढं टिकेल. आणि वर्षभर आधी आणलं असतं तर, असं म्हणून वाक्य अर्ध्यातच सोडून ते हात धुवायला गेले. ते अर्धं वाक्य ती दिवसभर चघळत राहिली. दुकानात समोरचा माणूस 'पहिलं' म्हणाला काय आणि 'दुसरं' म्हणाला काय, तिला ऐकूच येत नव्हतं. घरी येऊन तिने बाबांचा फोटो कपाटात पालथा घातला. आता कसली निवड? माझ्या आंधळेपणाचा पुरावा हॉलच्या भिंतीवर लावून लोकांकडून वाहवा घ्यायची? डेपो द्यायचा आणि सुटायचं. तिने स्पर्धेचा अर्ज भरून टाकला.

शनिवारी तीनच्या सुमाराला ती डेपोचा फोटो पाकिटात घालत होती. पाकीट बंद करायची, उघडायची, कोपरे तपासायची, परत बंद करायची. खुर्चीतून बाबांनी विचारलं, कुठला देतेस? ती म्हणाली, डेपोचा, बसगाड्या.

"आणि दुसरा कसला होता?"

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की त्यांना अजून माहीतच नव्हतं. गुरुवारी तिने सांगितलं नव्हतं आणि त्यानंतर कुणाला सुचलं नव्हतं. ती म्हणाली, तुमचा. बाबा दचकलेच. मग हळूच म्हणाले, सांग बघू कसा आहे तो. तिने कपाटातून फोटो काढला आणि खुर्चीजवळ जमिनीवर बसून सांगायला लागली. गेल्या थंडीत दारातून कसा काढला, ऊन कुठून येतंय, पेपर कसा पडलाय, पेन्सिल कुठल्या कानावर आहे. एकेक गोष्ट नेटाने सांगत राहिली. आणि तुम्ही खिडकीबाहेर बघताय, असं म्हणून तिने शेवट केला.

"बाहेर कशाला बघू?" बाबा म्हणाले. "बाहेर मला काय दिसतंय? त्या दिवशी तू दारात उभी होतीस ना, काहीतरी पिवळं घालून?"

ती पिवळा स्वेटर घालून होती.

"तुझ्याकडे बघत होतो. तुला बघायचं तर तोंड तिकडे करावं लागतं. समोर बघितलं की तू नाहीशी होतेस."

ती रडली, नाक पुसलं, आणि घड्याळात बघते तर चार वाजून वीस मिनिटं. मग मात्र सगळ्या घराच्या पायाला भिंगरी लागली. तिने जुना अर्ज फाडला आणि नवा भरला. नवरा गाडीची किल्ली शोधत तीन खोल्या हिंडला, ती त्याच्या खिशातच होती. बाबा म्हणाले, मी पण येतो, आणि चपला पायाने चाचपून घालून सगळ्यांच्या आधी दारात जाऊन उभे राहिले.

क्लबाचं ऑफिस टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होतं. नवऱ्याने रस्त्याच्या पलीकडे गाडी लावली, बाबा पुढच्या सीटवरच बसून राहिले आणि ती धापा टाकत जिना चढली. पाचला सात मिनिटं कमी होती. सेक्रेटरींनी फोटो बाहेर काढला, हात लांब करून पाहिला, मान डोलावली. आजोबा बाहेर छान बघतायत, म्हणाले.

"बाहेर नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे बघतायत."

सेक्रेटरींनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि वाद न घालता अर्जावर सही कुठे करायची ते दाखवलं. तिने सही केली. तिसांत येणार की नाही, परीक्षक काय म्हणतील, हे विचारायचं ती या वर्षी साफ विसरली.

जिना उतरून ती फुटपाथवर आली. पलीकडे गाडीची काच खाली होती आणि बाबा भलतीकडेच, कोपऱ्यावरच्या सिग्नलकडे तोंड करून बसले होते. म्हणजे ती खाली उतरलेली त्यांना दिसली होती.